गाडीला ओरखडा नाही

आमच्या पिकअपला पुढचा गार्ड बसवला तो २०१६ सालचा, दिवाळीनंतरचा एक रविवार होता. गाडी गावची, पाटी एमएच-१४, पण तिचा निम्मा संसार मुंबईत. त्याच वर्षी जुलैत सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. शेतकऱ्यानं आपला माल स्वतः शहरात विकावा म्हणून आठवडी बाजार भरायला लागले. एक तर खुद्द विधान भवनाच्या आवारात भरला. ते बघून आम्ही ओतूरकडच्या चार शेतकऱ्यांनी पैसे घालून एक जुनी बोलेरो पिकअप घेतली. शनिवारी रात्री निघायचं, माळशेज घाट उतरायचा, मुरबाड, कल्याण, रांजणोली नाका, माजिवडा करत उजाडायच्या आत मुलुंड चेकनाका गाठायचा. थोडा माल मुलुंडच्या रविवारच्या बाजारात, थोडा घाटकोपरच्या भाजीवाल्यांना, राहिलेला अंधेरीच्या दोन सोसायट्यांत.

गाडी चालवायचा माझा पुतण्या. तो घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर चाळीत राहतो. गाडी काही त्या चढणीवर जात नाही, ती खाली रस्त्याच्या कडेला उभी असायची. तिथं कुणी ना कुणी तिला घासून जायचं. कधी रिक्षा, कधी मोटारसायकल, एकदा तर कचऱ्याच्या गाडीनं बंपरचा कोपराच तोडला. तो बदलायला एका खेपेची कमाई गेली.

पुतण्या म्हणाला, "तात्या, मुंबईत गाडी नांगी नसती ठेवायची. हितं ज्याच्या गाडीला लोखंड जास्त, त्याला लोक वाट देतात."

कुर्ल्याला सीएसटी रोडवर गाड्यांच्या वस्तूंची दुकानंच दुकानं आहेत. तिथून त्यानं सामान आणलं. दोन इंची पाइपाचा काळा गार्ड, त्याच्यावर लावायला चार एलईडी दिवे, एक प्रेशर हॉर्न, चाकांमागच्या चिखलपट्ट्या आणि लाल-पांढरी चमकती पट्टी. दुकानदार बसवून देत होता, पण त्याची मजुरी वाचवायची म्हणून आम्ही घरीच बसवायचं ठरवलं. घरी म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, रस्त्यावरच. इस्त्रीवाल्याच्या दुकानातून वायर ओढून ड्रिल मशीन चालवलं. गार्ड बंपरला बसत नाही, तो बंपरच्या मागं चेसिसच्या दोन लांब दांड्यांना बोल्टांनी आवळायचा असतो. एकोणिसचा पाना होता, पण बोल्ट फिरेना तेव्हा पान्याला पाइप घालून आम्ही दोघं लोंबकळलो. चाळीतली पोरं दिवे धरून उभी होती. एक जण वायर जोडत होता, एक नुसताच सल्ले देत होता. गावाकडं बैलगाडीला नवी धाव चढवताना जसा मेळा जमतो तसा जमला होता.

झाल्यावर सूनबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन खाली आली. गार्डाला कुंकू लावलं, लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडला. मी चार पावलं मागं सरून गाडीकडं बघितलं. खोटं कशाला सांगू, मला आवडली. आमची गरीब गाय होती तिचा मारका बैल झाला होता. वासरात हिंडला तर कुणी आडवं येणार नाही असा.

आणि तसंच झालं. त्यानंतर गाडीला कुणी घासलं नाही. घाटात समोरच्यानं दिवे खाली केले नाहीत की पुतण्या आपले चारही लावायचा, समोरचा लगेच कडेला व्हायचा. वर्षभरात बंपरला एक रुपया लागला नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये पेपरात बातमी आली. केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्यानं सगळ्या राज्यांना पत्र लिहिलं होतं, की गाड्यांच्या पुढं हे जे लोखंडी गार्ड लावतात ते बेकायदा आहेत, त्यांनी पायी चालणाऱ्याला धोका आहे आणि आत बसणाऱ्यालाही आहे, तेव्हा कारवाई करा. ती बातमी मी बाजारात टोमॅटोच्या क्रेटवर बसून वाचली. पुतण्याला दाखवली. तो म्हणाला, "ते मोठ्या गाड्यांसाठी आहे. एअरबॅगवाल्या." आमच्या गाडीला एअरबॅग नव्हती. मी पेपर घडी करून गिऱ्हाइकाला भाजी बांधायला घेतला. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. म्हणूनच हे आधी सांगून टाकतो.

पुढच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मुलुंडला माल उतरवून आम्ही लाल बहादूर शास्त्री मार्गानं घाटकोपरकडं चाललो होतो. नुकतं फटफटत होतं. भांडुपच्या पुढं एका गल्लीतून पेपर टाकणारा पोरगा सायकलवर बाहेर आला. पुतण्यानं ब्रेक दाबला. गाडी जोरात नव्हती, वीस-पंचवीसच्या आत असेल. दाबल्यावर तर ती अगदी थांबतच आली होती. पण थांबता थांबता पोचली. आवाज मोठा झाला नाही. क्रेट खाली ठेवताना होतो तेवढाच. पोरगा सायकलसकट आडवा झाला आणि पेपर सगळ्या रस्त्यावर पसरले.

मांडीचं हाड मोडलं होतं. आम्हीच त्याला रिक्षात घालून पालिकेच्या रुग्णालयात नेलं, पोलिसांत आम्हीच सांगितलं. पुढं जबाब, विमा, न्यायाधिकरण हे सगळं रीतसर झालं, त्याच्यात मी शिरत नाही. मला सांगायचं आहे ते दोन वाक्यांबद्दल.

पहिलं वाक्य हवालदाराचं. पंचनामा करताना त्यानं गाडीच्या पुढच्या बाजूवर हात फिरवला, बॅटरी मारून बघितलं आणि लिहून घेणाऱ्याला म्हणाला, "गाडीला ओरखडा नाही, लिही."

दुसरं त्या पोराच्या आईचं. ती चार घरी कामाला जाणारी बाई. रुग्णालयाच्या व्हरांड्यात आम्ही मान खाली घालून उभे. ती पदरानं तोंड पुसत आली आणि मला म्हणाली, "काका, तुमच्या गाडीला काय झालं नाही ना?" ती टोचून बोलत नव्हती. गरिबाला आधी दुसऱ्याच्या नुकसानीची भीती वाटते, भरपाई आपल्याकडं मागतील म्हणून. मी "नाही" म्हणालो. तो "नाही" माझ्या घशात अजून अडकलेला आहे.

गार्ड नसता तर त्या पोराचं हाड मोडलं नसतं, असं मी छातीठोक म्हणत नाही. नुसत्या बंपरनंही मोडतं. सायकलवरून नुसतं पडूनही मोडतं. पण दहावीच्या विज्ञानात एवढं शिकलो होतो, की धक्का नाहीसा होत नाही. तो कुणाला तरी घ्यावा लागतो. गाडीचा बंपर, बॉनेट, पुढचा पत्रा हे दबण्यासाठीच पातळ ठेवलेले असतात. ते चेपले की धक्क्यातला काही भाग त्यांनी खाल्ला. दोन इंची पाइप चेपत नाही. तो चेसिसला आवळलेला, म्हणजे मागं उभ्या असलेल्या सगळ्या गाडीचं वजन त्या पाइपाच्या तोंडाशी. त्याची उंचीही बघा. उभ्या माणसाची मांडी नाहीतर कंबर, आणि लहान पोराचं डोकं. एअरबॅगच्या गाडीत आणखी एक भानगड होते. धक्का बसला हे ओळखणारं यंत्र पुढच्या भागाच्या मोडण्यावर बेतलेलं असतं. गार्डानं तो हिशेबच बिघडतो आणि पिशवी वेळेवर फुगेल याची खात्री राहत नाही. म्हणजे आतल्याचंही राखलं जात नाही.

मग आम्ही त्या रविवारी कुंकू लावून काय राखलं? बंपरचा कोपरा. आमच्या बंपरनं घ्यायचा तो मार आम्ही पुढच्या माणसाकडं सारला होता आणि ह्यालाच गाडीची राखण म्हणत होतो.

यावर पुतण्या गप्प बसला नाही आणि त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तो म्हणाला, "तात्या, त्या पोराचं मला तुमच्यापेक्षा जास्त लागलंय, पाय ब्रेकवर माझा होता. पण मला सांगा, ज्याची वीस लाखाची गाडी आहे त्याचा पत्रा जाड, विमा भारी, गाडी ठेवायला बिल्डिंगखाली जागा. आपली गाडी रस्त्यावर झोपती. आपल्याला गेलेला बंपर म्हणजे पोरांची फी. मग गरिबानं आपली वस्तू जपायचीच नाही का?"

त्याचं खरं आहे. जो रस्त्यावर उभा आहे त्यानं उघडं राहावं, आणि ज्याला कुंपण आहे त्यानं नियम सांगावेत, हे मला शेतकरी म्हणून चांगलं कळतं. मी कितीतरी दिवस याला उत्तर शोधत होतो. ते सापडलं ते मुंबईत नाही, शिवारात.

आमच्याकडं रानडुकरं फार. भुईमूग, मका एका रात्रीत नांगरल्यासारखा करतात. राखण करावीच लागते, नाहीतर खायचं काय? आता राखणीच्या दोन तऱ्हा आहेत. एक झटका मशीन. बॅटरीवर किंवा सौर पाटीवर चालतं, तारेतून थांबून थांबून क्षणभराचा करंट सोडतं. डुक्कर भाजत नाही, मरत नाही, दचकून मागं फिरतं. माणसाचा हात लागला तर शिवी हासडून तोही मागं फिरतो. दुसरी तऱ्हा म्हणजे घरच्या लाइटीची वायर सरळ तारेला जोडायची. ते स्वस्त पडतं. त्याला लागेल तो तिथंच चिकटतो. डुक्कर, कुत्रं, बिबट्या आणि रात्री पाणी धरायला निघालेला शेजारी. दर हंगामात असं कुठं ना कुठं झालेलं आपण पेपरात वाचतो.

दोन्ही शेतकरी गरीब. दोघांचाही भुईमूग खराच. राखायचा हक्क दोघांनाही सारखा. पण एकाची तार मागं सारते आणि दुसऱ्याची तार जीव घेते. पहिल्यानं पैसे घातले, दुसऱ्यानं ते वाचवले, आणि वाचवलेले पैसे कधीतरी शेजाऱ्याच्या घरून वसूल झाले. मी पुतण्याला म्हणालो, "गरिबानं जपू नये असं नाही. पण ज्यानं आपला काहीच अपराध केला नाही त्याच्या हाडावर जपू नये. आणि तुझा गार्ड त्या वीस लाखवाल्याला लागलाच नाही. त्याच्या गाडीला पत्रा आहे. लागला कुणाला? ज्याच्या अंगावर पत्रा नाही त्याला."

त्यावर तो काही बोलला नाही.

तेव्हापासून मला एक खोड लागली. गाडीला लावलेली एकेक वस्तू बघायची आणि विचारायचं, बाई, तू कुणासाठी? चिखलपट्टी आपल्यासाठी नसते. पावसाळ्यात आपल्या चाकाचं पाणी आणि खडे मागच्याच्या तोंडावर उडू नयेत म्हणून ती. लाल-पांढरी चमकती पट्टी आपल्याला कधी दिसतसुद्धा नाही. अंधारात मागून येणाऱ्याला आपण दिसावं आणि दोघंही वाचावेत म्हणून ती. मोठ्या ट्रकच्या मागं खाली एक आडवा दांडा असतो. लहानपणी मला वाटायचं तो क्लीनरला पाय द्यायला आहे. तो असतो ते मागून धडकणारी छोटी गाडी ट्रकच्या पोटाखाली घुसू नये म्हणून. म्हणजे बघा, लोखंडाचा दांडा तोच. पुढं लावला तर दुसऱ्याला मोडतो, मागं लावला तर दुसऱ्याला वाचवतो. लोखंडाला पाप-पुण्य नाही.

एलईडी दिव्यांचंही तेच. आपल्याला लांबचं दिसावं म्हणून लावले, पण समोरच्याला काहीच दिसेना. घाटात समोरून येणारा आंधळा झालेला असताना आपल्याला लांबचं दिसून उपयोग काय? तो आपल्याच अंगावर येणार. माळशेजला पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात, तेव्हा तर हे उंचावरचे पांढरे दिवे आपल्यालाच आडवे येतात. उजेड धुक्यावर आपटून परत येतो, पुढं पांढरी भिंत उभी. तिथं बंपरच्या खाली लावलेला साधा धुक्याचा दिवा कामाला येतो, तो रस्त्याची कड दाखवतो आणि समोरच्याच्या डोळ्यातही जात नाही. प्रेशर हॉर्नबद्दल तर बोलायलाच नको. मुलुंडच्या बाजाराशेजारी बिल्डिंगमध्ये म्हातारी माणसं पहाटे पाचला आमच्या हॉर्ननं उठायची आणि नऊला येऊन आमच्याचकडून मेथी घ्यायची.

कायद्याची बाजूही नंतर घट्ट झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नोंदणीत कारखान्याची जी मूळ घडण आहे तिच्या विरुद्ध जाईल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायदा सुधारला, त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद आली. पण आम्ही गार्ड त्याच्या आधीच काढला होता, त्या अपघातानंतरच्या दुसऱ्या रविवारी. ज्या जागी बसवला त्याच जागी, त्याच एकोणिसच्या पान्यानं. ह्या वेळी मेळा जमला नाही. बोल्ट गंजले होते, रॉकेल सोडून तासभर वाट बघावी लागली. दिवे आणि हॉर्नही काढले. चिखलपट्ट्या आणि चमकती पट्टी राहू दिली.

काढलेल्या गार्डाचं काय करायचं हा दुसरा प्रश्न आला. चाळीतल्याच एका टेम्पोवाल्यानं अडीच हजाराला मागितला. पुतण्याला वाटलं द्यावा, रुग्णालयाच्या फेऱ्यांत बराच खर्च झाला होता. मीही क्षणभर विरघळलो. पण आपल्या दारातला साप शेजाऱ्याच्या दारात सोडायचा आणि वर त्याचे पैसे घ्यायचे, ह्याला काय म्हणावं? गार्ड गाडीत टाकून गावी नेला. वेल्डरकडून त्याचे तुकडे करून घेतले. ते आता कारल्याच्या मांडवाला कडेचे आधार म्हणून उभे आहेत. वेल त्यांच्यावर बरा चढतो.

इथं लेख संपवला असता तर वाचणारा म्हणाला असता, चांगला माणूस दिसतोय. पण एक गोष्ट राहिली आहे आणि ती लपवली तर वरचं सगळं लिहिणं नुसतं कुंकू लावल्यासारखं होईल.

गार्डाबरोबरच आम्ही गाडीच्या मागच्या पाट्यांत एक-एक पाटा वाढवला होता. तो गावातच बसवला, जॅक लावून, झाडाखाली. गाडीच्या कागदावर वजन १३०० किलोचं आहे. टोमॅटोचा एक भरलेला क्रेट बावीस-तेवीस किलोचा, म्हणजे ५७ क्रेट झाले की हिशेब पुरा. पाटा वाढवल्यावर ८० क्रेट भरले तरी गाडी मागं बसत नाही, ऐटीत सरळ उभी राहते. पण वाढतो तो पाटा. ब्रेक कारखान्यानं दिला तेवढाच राहतो. माळशेज उतरताना पाचशे किलो जास्तीचं वजन मागून ढकलत असतं, आणि पुतण्यानं पाय दाबल्यावर गाडी थांबायची ती चार हात पुढं जाऊन थांबते. त्या दिवशी भांडुपला गाडी निम्मी रिकामी होती हे माझं नशीब, त्या पोराचं त्याहून मोठं. भरलेली असती तर?

मग मी स्वतःला विचारलं, गार्ड लगेच काढलास, पाटा का नाही काढलास? उत्तर सोपं आहे आणि लाजिरवाणं आहे. गार्ड काढताना फक्त बंपर गमावायची भीती होती. पाटा काढला तर दर खेपेला तेवीस क्रेट कमी, डिझेल तेवढंच, आणि चार भागीदारांच्या घरी जाऊन समजूत घालायची. जिथं थोडक्यात भागतं तिथं माणूस लगेच धर्माला जागतो. जिथं पोटाला चिमटा बसतो तिथं म्हणतो, बघू पुढच्या हंगामाला.

तो पोरगा आता बरा चालतो, थोडासा लंगडतो. मध्यंतरी रविवारच्या बाजारात आईबरोबर आला होता. मी पिशवीत दोन किलो टोमॅटो घातले, पैसे नको म्हणालो. त्याच्या आईनं मोजून पैसे दिले आणि वरचे सुटे तेवढे परत घेतले. पोरगा गाडीच्या पुढं जाऊन उभा राहिला होता. बंपरचा कोपरा पुन्हा कुणीतरी मोडलेला, त्यावर मी तार गुंडाळली आहे. तो त्या तारेकडं बघत होता. मला त्याला सांगावंसं वाटलं की गार्ड काढला आम्ही. पण तेवढंच सांगितलं असतं तर ते अर्धंच झालं असतं. मग नाही सांगितलं.

पाटा अजून गाडीला आहे. क्रेट ५७ च भरायचे असं मी ठरवलं आहे, भागीदारांनी मानही हलवली आहे. भाव पडलेला असतो तेव्हा ५७ च भरतात. भाव चढला की मी रात्री मळ्यात बॅटरी घेऊन उभा राहतो आणि क्रेट मोजतो. सत्तरच्या पुढं गेले तर चार उतरवतो. सत्तरपर्यंत गप्प बसतो.